साखरफुटाण्यांचा डबा

नाशिक, तांबट आळी
२४ नोव्हेंबर १९३६

चिरंजीव रंगनाथ यास धोंडीरामकाकाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ काळजी.

दिवाळीला आलास तेव्हा मी शाळेचं विचारलं, तर 'ठीक चाललंय' म्हणालास आणि करंजी तोंडात टाकलीस. तोंडात करंजी असलेल्या माणसाला पुढे काय विचारणार? पण परवा सलीम बांगडीवाला दुकानावर आला होता. तो हरसूलच्या बाजाराला जातो हे तुला ठाऊकच आहे. मी सहज म्हटलं, "काय रे, आमचा मास्तर काय म्हणतो?"

तो म्हणाला, "चाचा, मास्तर काही म्हणतच नाही. पोरंच म्हणतात."

मग हळूहळू त्याच्याकडून सगळं काढलं. तो शाळेवरून गेला तेव्हा एक पोरगी आंब्यावर चढली होती. दोन पोरं विहिरीत दोर सोडून वाकली होती. एकजण कोपऱ्यात भिंतीला वाचून दाखवत होता. आणि तू, वर्गाचा मालक, एका पोरापुढे उकिडवा बसला होतास. पोराने पाटी दाखवून विचारलं, "गुर्जी, बरोबर हाय का?" तर तू म्हणालास, "तुला काय वाटतं?"

रंगनाथ, अरे मास्तरालाच ठाऊक नसेल तर पोराला काय वाटणार?

मी दोन यत्ता शिकलो. आमच्या मास्तरांचं तोंड मला आठवत नाही, पण त्यांची छडी आजही शंभरांत ओळखीन. विद्या ही अशी अंगात मुरावी लागते. तुझ्या शाळेत मुरायला जागाच नाही, सगळं हवेशीर.

आता खरं दुखणं सांगतो. तुझ्या नेमणुकीच्या वेळी मी स्कूल बोर्डातल्या ज्या गृहस्थांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझा पुतण्या वाघ आहे. पोरं नुसतं नाव ऐकून थरथरतात." ते गृहस्थ आजही दुकानावरून जाताना विचारतात, "काय धोंडीराम, वाघ कसा आहे?" उद्या तपासणीला दिपोटीसाहेब आले आणि वाघाच्या जागी गाय सापडली, तर मी तोंड कुठल्या घंगाळात लपवू?

सलीमबरोबर वेताची छडी पाठवतो आहे. तेल पाजलेली आहे. वापर.

तुझा, जीव टांगणीला लागलेला,
धोंडीराम


हरसूल
५ डिसेंबर १९३६

तीर्थरूप काकांस नमस्कार. आशीर्वाद, काळजी आणि छडी, तिन्ही पोचली.

छडी मी वर्गासमोर ठेवली आणि विचारलं, "ही नाशिकहून आली आहे. हिचं काय करायचं?" बराच खल झाला. केरू म्हणाला, बैल हाकायला न्या. भागी म्हणाली, चुलीत घाला. शेवटी पिंजाऱ्याची सकीना उठली. शाळेच्या कुडाशी पोरांनी वाल लावला आहे, त्याचा वेल आधार नाही म्हणून जमिनीवर लोळत होता. आता तो तुमच्या छडीवर चढतो आहे. तेल पाजल्यामुळे पहिले दोन दिवस घसरला, मग पकड सापडली.

आंब्यावर चढलेली पोरगी तीच सकीना. पोरांनी शाळेच्या अंगणात गावाचा नकाशा काढायला घेतला आहे. राखेच्या रेघा, खड्यांची घरं. नदी कुठे वळते यावर भांडण झालं, म्हणून ती वर जाऊन बघून आली. मी तिला चढायला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित चढली नसती. विहिरीवरचे दोघे खोली मोजत होते. आणि 'तुला काय वाटतं' असं मी विचारतो, कारण उत्तर बरोबर आहे का हे कळायला माझ्या तोंडाकडे बघायची त्यांची सवय मला मोडायची आहे. मी जन्मभर त्यांच्या पुढ्यात थोडाच बसणार आहे?

काका, हे मी तुमच्याकडूनच उचललं. आठवतं का, मी नऊ-दहा वर्षांचा असताना तुम्ही मला तांब्याच्या पत्र्याचा टाकाऊ तुकडा आणि लहान हातोडी दिलीत आणि पाठ फिरवून बसलात. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाहीत. संध्याकाळी माझी वाकडी वाटी तयार होती. तशा हौसेने मी पुढे काहीच शिकलो नाही.

तपासणी जानेवारीच्या अखेरीस आहे. तुमच्यापासून लपवत नाही. मागच्या मास्तरांच्या वेळी शेरा पडला होता, 'मुले येत नाहीत.' यंदाही तसाच पडला तर शाळाच उठेल. मग माझी नोकरी जाईल ती जाईल, या पोरांना जवळपास दुसरी शाळा नाही. पण सध्या पोरं येतात, आणि बोलवावं लागत नाही.

काकूंना नमस्कार.

आपला, गाय असलेला,
रंगनाथ


नाशिक
१४ डिसेंबर १९३६

चिरंजीव रंगनाथ,

तुझा काकूला लिहिलेला नमस्कार आक्काला पोचवला. तुझं पत्र तिने मला दोनदा वाचायला लावलं, कारण छडीच्या ठिकाणी ती हसली आणि तिला पुन्हा हसायचं होतं. मला हसू आलं नाही. आपल्या घराण्याची छडी आणि तिच्यावर वालाच्या शेंगा!

त्या वाटीबद्दल तुझा मोठा गैरसमज आहे. मी पाठ फिरवली ती शिकवण्यासाठी नव्हे. तू हातोडी अशी काही धरत होतास की मला बघवत नव्हतं. दर ठोक्याला वाटे, आता बोट गेलं. म्हणून तोंड फिरवून बसलो आणि रामनाम घेत राहिलो. त्याची तू शिक्षणपद्धती करून टाकलीस!

शेऱ्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. शाळाच उठेल म्हणतोस! हे दिवाळीला का नाही बोललास? मी आठवडाभर विचार केला. छडी तुला नको, बरं. मग दुसरं टोक धर. पोर एक तर भीतीने हलतं, नाही तर गोडाने. तिसरा रस्ता देवाने ठेवलेला नाही. तेव्हा सलीमबरोबर साखरफुटाण्यांचा मोठा डबा पाठवतो आहे, पांढरे आणि गुलाबी. बरोबर उत्तराला चिमूटभर, हजेरीला चिमूटभर. मग बघ पोरं कशी धावत येतात.

तू ते वाटणार नाहीस, वेलाला खत म्हणून घालशील, हे मला माहीत आहे. म्हणून सलीमला सांगितलं आहे की डबा तुझ्या हातात न देता थेट पोरांसमोर उघडायचा आणि गुलाबी कशाला, पांढरे कशाला, हे मोठ्याने सांगायचं. उघडलेला डबा कुठलाही मास्तर बंद करू शकत नाही.

आक्का म्हणते, "तुम्हाला कुणी विचारलंय का?" मला कुणी कधी काही विचारत नाही, म्हणूनच सगळं मला आपणहून करावं लागतं.

तुझा, तुझ्यासाठीच झुरणारा,
धोंडीराम


हरसूल
६ जानेवारी १९३७

तीर्थरूप काकांस नमस्कार.

तुमचा अंदाज खरा ठरला. उघडलेला डबा मला बंद करता आला नाही. सलीमभाईंनी आधी स्वतः दोन गुलाबी खाऊन दाखवले आणि मग तुमचा कायदा पुकारला.

पहिला आठवडा बघायला हवा होतात. वर्ग फुलून गेला. ज्यांचं नाव पटावर नाही तीही आली, कडेवरची भावंडं घेऊन. मीच मनात म्हटलं, काका जिंकले.

मग बारीक बारीक गोष्टी दिसू लागल्या. केरू, जो विहिरीची खोली स्वतःच्या हट्टाने मोजत होता, तो आता 'दोन आणि दोन' इतकीच बेरीज मांडतो. मांडतो, पुसतो, पुन्हा मांडतो. मी म्हटलं, "अरे, मोठी घे की." तो म्हणाला, "गुर्जी, मोठीला येळ लागतो. फुटाणा तेवढाच." भागी नवा धडा उघडण्याआधी विचारते, "ह्यो वाचला तं किती?" एक दिवस दोन पोरींची मारामारी झाली, गुलाबी मोठा की पांढरा यावरून. आणि नकाशा नदीपाशी थांबला तो थांबलाच. सकीनाला विचारलं तर म्हणाली, "नकाशाला फुटाणे हायेत का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग राहू द्या."

काका, ही तीच पोरगी, नदीचं वळण बघायला आंब्यावर चढलेली.

नव्या वर्षाबरोबर डबा संपला. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आला. काल त्याच्याही निम्मा. केरू दारात उभा राहून म्हणाला, "फुटाणे नाय तं पाढा नाय," आणि बैलांमागे निघून गेला. तपासणी २८ तारखेला आहे.

तुमचा हेतू मला ठाऊक आहे म्हणून रागावता येत नाही. पण रागवावंसं फार वाटतं आहे.

आपला,
रंगनाथ


नाशिक
११ जानेवारी १९३७

चिरंजीव रंगनाथ,

तुझं पत्र वाचलं. मी पहिली गोष्ट काय केली सांगतो, हसू नकोस. दोन डबे आणायला निघालो. आक्का दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "पोराच्या घराला आग लागलीय आणि तुम्ही तुपाचा डबा घेऊन कुठे निघालात?" मी परत फिरलो.

पण मला एक कळत नाही. दिलं ते गोडच दिलं ना? विष तर नाही दिलं? जे पोर फुकट शिकत होतं, त्याला वर फुटाणा मिळाला तर त्याचं शिकणं वाढायला हवं. ते उडालं कसं? मी दुकानात बसून बोटांवर हे गणित केलं, माझ्याच्याने सुटलं नाही.

निदान आता तरी दहा प्रश्न निवड, त्यांची उत्तरं पाठ करून घे आणि साहेबांना तेच दहा विचारायला लाव. कसं लावायचं ते मला विचारू नकोस, मी फक्त काळजी करू शकतो.

अक्षर वाकडं आलं असेल तर हाताला दोष दे.

धोंडीराम


हरसूल
२० जानेवारी १९३७

तीर्थरूप काकांस नमस्कार.

अक्षर या वेळी माझंही वाकडं आहे. थोडी कणकण आहे, विशेष नाही.

दहा प्रश्न निवडले नाहीत. दुसरं केलं. केरूच्या शेतावर गेलो, भागीच्या घरी गेलो, पिंजाऱ्याकडे गेलो. एवढंच सांगितलं की उद्या एकदा या, तुम्हाला काही विचारायचं आहे. आल्यावर रिकामा डबा मध्ये ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. फुटाणे पुन्हा येणार नाहीत. साहेब येणार आहेत. शाळा राहील किंवा उठेल. राहिली तर कुणाला काय शिकायचं आहे ते तुम्ही ठरवा, मी मदतीला आहे. उठली तर माझी ट्रंक बांधायला या.

केरूने डबा उपडा करून झटकला. मला वाटलं, गेलं सगळं. मग सकीना उठून अंगणात गेली आणि राखेच्या रेघांकडे बघत राहिली. आतूनच केरू ओरडला, "काय गं?" ती म्हणाली, "आमचं घर अजून नकाशावर आलंच नाय. नदीपल्याड हाय ना. नदी संपली नाय तं घर कुठं मांडू?" केरू म्हणाला, "आमचं तरी कुठं आलंय?" आणि ते बाहेर गेले. मागून एकेक करून सगळे गेले. मी उठलो तर भागी म्हणाली, "गुर्जी, तुमी बसा. लागलं तं हाक मारू."

त्यानंतर हाक आलेली नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. अजून काहीजण आलेले नाहीत, आणि पाढे कच्चेच आहेत.

ताप वाढला तर एक-दोन दिवसांसाठी औषधाला नाशिकला येऊन जाईन. शाळेची किल्ली सकीनाकडे ठेवतो.

आपला,
रंगनाथ


हरसूल
२६ जानेवारी १९३७

चिरंजीव रंगनाथ,

हे पत्र पोचेपर्यंत तुझा ताप उतरलेला असो, आणि आक्काचा माझ्यावरचा रागही.

'कणकण आहे, विशेष नाही' असं लिहून तू गाडीतून उतरलास तो दोघांच्या खांद्यावर. डॉक्टर हिवताप म्हणाले, कोयनेल दिलं आणि पंधरा दिवस हलायचं नाही म्हणून बजावलं. तापात तू एकच बडबडत होतास, "किल्ली सकीनाकडे आहे." दहा वर्षांच्या पोरीकडे सरकारी शाळेची किल्ली! मला घरात बसवेना. आक्काला सांगितलं, त्र्यंबकला दर्शनाला जाऊन येतो. हे अगदी खोटं नाही. मोटार त्र्यंबकपर्यंतच जाते, तिथे देवळाला बाहेरून हात जोडले आणि हरसूलची बैलगाडी धरली.

वाटभर मी ठरवत होतो की कुलूप लागलेल्या शाळेसमोर आधी रडायचं की आधी पोरांना गोळा करायचं. पोचलो तर शाळा भरलेली! मास्तर नाही, घंटा नाही, आणि पोरं अंगणात उकिडवी बसून राख ओतताहेत. माझा तोल गेला. टाळ्या वाजवून ओरडलो, "ओळीत बसा! हाताची घडी! पाढे म्हणा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक पोरगी उठली, राखेचे हात झटकले आणि म्हणाली, "बाबा, जरा हळू बोला. तिकडं भागी वाचतीय."

मी म्हटलं, "मी तुमच्या मास्तरांचा काका."

"फुटाणेवाले का?" केरूने विचारलं.

रंगनाथ, साठ वर्षं ठोके मारून मी नाव कमावलं आणि हरसुलात मी फुटाणेवाला!

पोरांनी मला बसायला फळी दिली. सकीना समोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुमाला काय शिकायचंय?" मी म्हटलं, "मला? मी शिकवायला आलोय." ती म्हणाली, "काय शिकवता?" आता मला काय येतं? ती म्हणाली, "मंग शिकायचं काय ते सांगा. हितं समदे सांगतात." मी रागावून म्हटलं, "मला काही शिकायचं नाही." ती म्हणाली, "बरं, सुचलं की सांगा," आणि निघून गेली. जबरदस्ती नाही, आग्रह नाही. मला फार अपमान वाटला. तुझ्या शाळेत हे असं सगळ्यांना होतं का?

एक गोष्ट तुला कळवायची नव्हती, पण पोरांनी ती उघडी पाडली आहे, तेव्हा तू दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. मी साहेबांसाठी एक तांब्या आणला होता. चांगला ठोक्याचा, चकचकीत. म्हटलं, पुढ्यात ठेवला की शेरा लिहिताना हात जरा मऊ चालेल. गाठोड्यातून तो निसटून घरंगळला. पोरं भोवती जमली. "हा कुणाला?" मी म्हटलं, साहेबांना. "का?" मी म्हटलं, "म्हणजे... साहेब खूष झाले की चांगलं लिहितात."

केरू विचारात पडला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो सगळ्यांना ओरडून म्हणाला, "म्हंजे सायबालापण फुटाणेच!"

सगळा वर्ग हसला. भागी हसता हसता आडवी पडली. मला कानशिलं तापल्यासारखी वाटली. पण खरं सांगू, जे गणित मला दुकानात बोटांवर सुटलं नव्हतं ते तिथे सुटलं. तांब्या घेऊन साहेब जे लिहितील ते तांब्यासाठी लिहितील. शाळा त्यांनी बघितलीच नाही असं होईल.

तांब्या आता नकाशावर पालथा घातला आहे. शाळेमागचा डोंगर म्हणून तो फार शोभतो.

परवा साहेब येणार. मी पाढ्यांबद्दल एकदा विषय काढून बघितला. भागी म्हणाली, "बाबा, तुमी बसा. लागलं तं हाक मारू."

तुझा, फळीवर बसलेला,
धोंडीराम


हरसूल
२९ जानेवारी १९३७

चिरंजीव रंगनाथ,

आधी पाणी पी, मग वाच. मी तसंच करून लिहायला बसलो आहे.

साहेब काल दुपारी घोड्यावरून आले. मी कुडाशी वालाच्या वेलाजवळ बसलो होतो, कारण तिथून पळायला बरं. साहेब अंगणात आले तरी पोरं उठली नाहीत. उठून नमस्ते म्हणा, असं मी हातवारे करून सांगत होतो, पण माझ्याकडे बघतो कोण? साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर कुठे आहेत?"

सकीना म्हणाली, "आजारी हायेत. नाशकाला."

"मग शाळा बंद का नाही?"

"शाळा कुठं आजारी हाय?"

मी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "तुम्हाला इथे यायला कोणी सांगितलं?" सकीनाला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "कोण सांगंल? नकाशा अपुरा व्हता." मग तिने खाली बघितलं आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "सायेब, तुमी नदीत उभे हायेत."

रंगनाथ, साहेबांनी झटकन पाय उचलला! बूट घातलेला माणूस, दिपोटी, एका पायावर उभा राहून विचारतो, "मग कुठे उभा राहू?" केरूने त्यांना हाताला धरून काठावर घेतलं.

त्यानंतर परीक्षा झाली. सगळं चांगलं झालं असं लिहीन तर ते खोटं होईल. सोळाचा पाढा विचारला, दोघं पडले, तिसरा उठलाच नाही. भागी वाचताना दोनदा अडली. शुद्धलेखनाचं मी बोलत नाही. मग साहेबांनी केरूला उभं केलं आणि आंब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या झाडाची उंची किती?"

केरू म्हणाला, "मला नाय ठावं."

मी मनात तुझी ट्रंक बांधली.

"पर काढता येईल. थांबा," असं म्हणून तो माझ्याकडे धावत आला आणि वेलाची छडी त्याने खसकन उपटली. मला वाटलं, देवा, अखेर या शाळेत कुणीतरी कुणालातरी मारणार! वेल माझ्या अंगावर आला. मी तो दोन्ही हातांनी धरला. केरूने छडी उन्हात उभी केली, तिची सावली वितीने मोजली, मग झाडाची सावली छडीने मोजली. बाकीची पोरं भोवती जमून त्याच्या चुका काढत होती. एकदा चुकला, पुसलं, पुन्हा केलं. अखेर त्याने उत्तर सांगितलं.

साहेबांनी विचारलं, "बरोबर आहे हे?"

केरूने त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुमाला काय वाटतं?"

कुणी हसलं नाही. साहेबही नाही. त्यांनी स्वतः छडी घेतली आणि सावली मोजायला लागले. दोघांचं उत्तर जुळेना. मग दोघेही पुन्हा मोजायला लागले. सकीना म्हणाली, "मी दोर घेऊन वर जाते की." आणि गेली. दोर केरूच्या बाजूने बोलला.

हे सगळं होईपर्यंत मी वेल धरून बसलो होतो आणि माझ्या थरथरण्याने शेंगा वाजत होत्या. मी त्या गृहस्थांना सांगितलं होतं ना, तुझं नाव ऐकून थरथरतात म्हणून? ते आता खरं झालं. थरथरणारा एकच निघाला, तो मी.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे कोण?" केरू म्हणाला, "हे नवे हायेत. बिगरीत." साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

जाताना त्यांनी पेठ गावाची जवळची वाट विचारली. पोरांनी नकाशावर दाखवली. दोघांत मतभेद झाला, तेव्हा साहेब बूट काढून नकाशात उतरले आणि उकिडवे बसून दोन्ही वाटा बघितल्या. तांब्याला हात लावून म्हणाले, "हा डोंगर फार सुरेख आहे." मी देणार होतो, जिभेवर आलं होतं. पण डोंगर दिला तर वाट चुकेल म्हणून गप्प बसलो.

शेरा मी स्वतः दोनदा वाचला: 'पाढे कच्चे. शुद्धलेखन असमाधानकारक. मास्तर गैरहजर, मुले हजर. असे मी प्रथमच पाहिले. शाळा चालू ठेवावी.'

रंगनाथ, शाळा चालू ठेवावी!

वेल पुन्हा छडीवर चढवला आहे.

तुझा, बिगरीतला,
धोंडीराम


नाशिक
८ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार, आणि तोही अंथरुणातून उठून घातला, म्हणजे मी आता बरा आहे.

तुमचं पत्र काकूंनी मला आळीतल्या तिघींपुढे वाचायला लावलं. त्र्यंबकच्या दर्शनाचं त्यांनी तुम्हाला माफ केलं आहे, पण तुम्ही समोर आल्याशिवाय तसं सांगणार नाहीत. पुढच्या आठवड्यात डॉक्टर मला सोडतील. माझी वाट न बघता तुम्ही घरी निघा. काकूंनी निरोप दिला आहे, "सोमवारपर्यंत परत आलात तर डिंकाचे लाडू. नाही आलात तर एकही नाही."

बोर्डातले गृहस्थ काल दुकानावर येऊन गेले. "वाघ कसा आहे?" म्हणाले. मी सांगितलं, बरा आहे, सध्या त्याच्या शाळेची राखण काका करताहेत.

आपला,
रंगनाथ


हरसूल
१२ फेब्रुवारी १९३७

चिरंजीव रंगनाथ यास आशीर्वाद. काळजी या वेळी जरा कमी पाठवतो आहे.

तू बरा झालास हे वाचून मी भर वर्गात मोठ्याने 'वा!' म्हटलं आणि भागीचं वाचन मोडलं म्हणून बोलणी खाल्ली.

सोमवारी माझं येणं होणार नाही. त्याचं कारण असं की मला सुचलं. सकीनाने विचारलं होतं ना, काय शिकायचंय म्हणून? चार दिवसांनी मीच तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "मला नकाशा शिकायचा आहे." जन्मभर मी घडवलेली भांडी गाड्यांवर चढून कुठे कुठे गेली, पण ती गावं कुठल्या अंगाला आहेत हे मला कधी कळलं नाही, आणि या वयात विचारायची लाज वाटे. इथे कुणाला लाज ठाऊकच नाही. आता मी हरसूलहून त्र्यंबक आणि त्र्यंबकहून नाशिक असा रस्ता काढतो आहे. अंगण पुरेना, म्हणून कुड ओलांडून बाहेर गेलो आहे. गोदावरी दोनदा चुकली. केरू म्हणाला, "बाबा, पाणी चढावर कसं जाईल?" मी पुसली आणि पुन्हा काढली. अजून तांबट आळी मांडायची आहे आणि तिच्यात आपलं घर. घर मांडल्याशिवाय घरी कसा येऊ?

पत्र्याचा एक टाकाऊ तुकडा सलीमकडून मागवला होता, तो काल केरूला दिला, हातोडीसह. मग पाठ फिरवून बसलो. बघवत नव्हतंच, पण या वेळी रामनाम न घेता पाठ फिरवली.

तू आलास की एकदम आत येऊन गडबड करू नकोस. पोरं कामात असतात. मागे फळी आहे, तिच्यावर बस. लागलं तर आम्ही हाक मारू.

आक्काला सांग, लाडवांचं आमिष दाखवून मी हलणार नाही. असल्या प्रकाराने चांगली चाललेली माणसं कशी बिघडतात हे मी इथे पुरतं पाहिलं आहे. माझं काम झालं की मी आपणहून येईन.

तुझा,
धोंडीराम

ता. क. लाडू वळून झालेच असतील तर तू येताना घेऊन ये. माझ्या शिकण्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही, एवढं आक्काला स्पष्ट सांग.